नव्वद दिवसांची मुदत

2 जानेवारी 2025, गुरुवार

31 डिसेंबरच्या नाकाबंदीत सापडलेले आज कोर्टात उभे होते. सगळे मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 चे खटले. सिग्नल तोडला, हेल्मेट नव्हतं, तर माणूस चलान भरून पुढे जातो. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला मात्र न्यायाधीशांसमोर यावंच लागतं, कारण हा गुन्हा रस्त्यावर दंड घेऊन मिटवण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला की गुन्हा झाला. पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर 2 वर्षांपर्यंत कैद, 15,000 दंड किंवा दोन्ही.

बहुतेक जण गुन्हा कबूल करतात, दंड भरतात आणि जेवणाच्या सुट्टीआधी मोकळे होतात. मी सरकारतर्फे कलम 20 लावून धरते. 185 खाली दोषी ठरलेल्याला किमान 6 महिने परवान्यासाठी अपात्र ठरवावं, असं त्यात स्पष्ट आहे. दंड बाप भरतो, मित्र भरतो. परवाना गेला की एसटीच्या थांब्यावर स्वतःलाच उभं राहावं लागतं. एका तरुणाच्या वकिलांनी विनंती केली, "मॅडम, पोराचं लग्न ठरलंय, घरात गाडी चालवणारा तोच आहे." मी म्हटलं, "म्हणूनच मागते आहे." न्यायालयाने अर्ज मंजूर केला.

9 जानेवारी, गुरुवार

आज निकाल लागला. निर्दोष मुक्तता.

डिसेंबर 2022 मधली घटना. कापसाचा हंगाम, जिनिंग रात्रंदिवस सुरू. पाळी संपवून एक मजूर राष्ट्रीय महामार्ग 53 च्या साइडपट्टीने पायी गावाकडे निघाला होता. त्याच वर्षी जूनमध्ये अमरावती-अकोला दरम्यान 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, गाड्यांचा वेग वाढला, पण पायी चालणाऱ्याच्या वाट्याला तीच साइडपट्टी राहिली. रात्री अकराच्या सुमारास मागून आलेल्या कारने त्याला उडवलं. तो जागीच गेला. गावकऱ्यांनी चालकाला स्टिअरिंगवरून खाली उतरवून धरून ठेवलं. तोंडाला दारूचा वास येत होता, हे पहिल्या फिर्यादीतच आहे.

भारतीय दंड संहितेची कलमं 279 आणि 304-अ, शिवाय मोटार वाहन कायद्याचं 185. तिन्हीतून सुटला.

मयताची माय कोर्टाच्या व्हरांड्यात उभी होती. दोन वर्षं ती प्रत्येक पेशीला आली, साक्ष नसली तरी आली. मी तिला निकाल सांगितला. ती रडली नाही. तिने विचारलं, "मॅडम, त्याले सुटाचंच होतं त मले दोन वर्सं पेशीले कायले बोलावलं?"

याचं उत्तर द्यायला 90 दिवस आहेत. सुटकेविरुद्ध सरकारला अपील करायची मुदत तेवढीच. आजच नकलेचा अर्ज टाकला.

10 जानेवारी, शुक्रवार

निकालपत्र नीट वाचलं. न्यायाधीशांवर राग धरणं सोपं आहे, पण पहिला भाग वाचताना त्यांच्या जागी मी असते तरी थांबले असते.

रक्ताचा अहवाल 84 मिलिग्रॅम म्हणतो. मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. तरी तो बाजूला ठेवला गेला. रक्त काढण्याचे नियम 1959 सालचे आहेत, दारूबंदी कायद्याखालचे. त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसायची, स्पिरिटचा बोळा कुठल्याच टप्प्यावर वापरायचा नाही. निदान 5 सी.सी. रक्त घ्यायचं. ते न गोठावं आणि न नासावं म्हणून रसायन घातलेल्या कुपीत भरायचं, कुपी जोरात हलवायची, लेबल लावायचं, लाखेने सीलबंद करायची आणि 7 दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोचेल अशी रवाना करायची. नियमांची ही चिकाटी उगाच नाही. बोळ्यातलं स्पिरिट नमुन्यात मिसळलं तर माणूस न पिताच प्यालेला ठरेल. रसायन नसेल तर कुपीत आंबण्याची क्रिया सुरू होऊन आकडाच बदलेल. निरपराध माणसाचं संरक्षण या बारकाव्यांतच आहे.

आमच्या प्रकरणात डॉक्टरांच्या फॉर्मवर त्वचा कशाने पुसली तो रकाना कोरा. नमुना पोलीस ठाण्यात आला आणि पाचव्या दिवशी अमरावतीच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोचला. मधल्या काळात तो कुठे होता, फ्रीजमध्ये की मुद्देमालाच्या कपाटात, कागद बोलत नाही. नमुना नेणाऱ्या शिपायाचा जबाबच दोषारोपपत्रात नव्हता. त्याला साक्षीला बोलवावं म्हणून आम्ही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 311 खाली अर्ज केला होता. खटला लांबेल म्हणून तो नामंजूर झाला. आणि आता निकालात लिहिलंय की नमुना नेणारा साक्षीदार तपासला नाही.

या शेवटच्या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली.

14 जानेवारी, मंगळवार. संक्रांत

कोर्ट बंद. गाडगेनगरच्या घरी दिवसभर तिळगुळाला येणं-जाणं. एक पाहुणे गप्पांच्या ओघात म्हणाले, दोन पेगांनी काही होत नसतं, हात बसलेला असला की झालं. घरी आलेल्या माणसाशी सणाच्या दिवशी वाद घालू नये म्हणतात. मी घातला.

रक्तातला मद्यार्क तासाला साधारण 15 मिलिग्रॅमने उतरतो. कुणाचा 10 ने, कुणाचा 20 ने. म्हणजे 60 मिलिग्रॅम असलेला माणूस अडवला आणि दवाखान्यात न्यायला दोन तास लावले, तर तो मर्यादेवर येऊन उभा राहतो. आणखी अर्धा तास गेला की कागदावर तो शुद्ध. म्हणूनच कलम 202 सांगतं, 185 खाली अटक केली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर आरोपीला सोडून द्या. कायद्याने घड्याळ हातात दिलं आहे.

आमच्या चालकाचं रक्त पहाटे 2 वाजून 40 मिनिटांनी काढलं. तेव्हा 84. मद्यार्क पूर्ण भिनलेला होता असं धरलं आणि सगळ्यात सावकाश उतरणारा वेग घेतला, तरी अकरा वाजता 120 च्या पुढे असणार. पण हे गणित तज्ज्ञाच्या साक्षीत यायला हवं. माझ्या युक्तिवादात आलं तर तो पुरावा होत नाही.

संध्याकाळी समाधी मंदिरात जाऊन आले. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या माणसाला सरळ प्रश्न विचारत, दारू पिता का, कर्ज काढता का, आणि उत्तर त्याच्याच तोंडून घेत. 20 डिसेंबर 1956 ला ते गेले. वऱ्हाडातल्या गावोगावच्या बायांनी दारूविरुद्ध तोंड उघडलं, त्यामागे त्या प्रश्नांचं बळ आहे. माझ्या कामातही शेवटी प्रश्नच असतो. फरक इतकाच, की इथे आरोपीला गप्प राहण्याचा हक्क आहे, आणि तो असायलाच हवा. उत्तर आम्हालाच शोधून आणायचं असतं.

18 जानेवारी, शनिवार

ॲलिस्टर परेरा प्रकरण पुन्हा काढून वाचलं. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे मुंबईत कार्टर रोडच्या फूटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली. 7 ठार, 8 जखमी. चालकाच्या रक्तात 0.112 टक्के मद्यार्क. सत्र न्यायालयाने 13 एप्रिल 2007 ला सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून त्याला मुक्त केलं, हयगयीने मृत्यू एवढंच धरलं आणि 6 महिने साधी कैद दिली.

लोक खवळले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, राज्य सरकारनेही अपील केलं. 6 सप्टेंबर 2007 ला ती मुक्तता रद्द झाली. कलम 304 भाग 2 खाली दोषी धरून 3 वर्षं सक्तमजुरी झाली. 12 जानेवारी 2012 ला न्यायमूर्ती लोढा आणि न्यायमूर्ती खेहर यांनी सर्वोच्च न्यायालयात ती कायम केली. न्यायालयाने ठेवलेल्या आरोपात नशेचा उल्लेख नव्हता, हा बचावाचा मोठा मुद्दा होता. त्या उणिवेने आरोपीच्या बचावाला बाधा आली नाही, न्याय बिघडला नाही, असं न्यायालयाने ठरवलं. आणि शिक्षा फारच थोडी असल्याचं नोंदवून म्हटलं, की ती वाढवून मागणारं अपील राज्याने केलेलं नाही, म्हणून त्यात जाता येत नाही.

हे वाचताना दर वेळी मी थबकते. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला शिक्षा कमी वाटते, तरी हात बांधलेले, कारण मुदतीत एक अर्ज झाला नाही.

दुसऱ्या बाजूला 1971 चा बच्चुभाई हसनअल्ली कारयाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निवाडा आहे. तोंडाला वास, अडखळती चाल, बरळणं, विस्फारलेल्या बाहुल्या, एवढ्यावरून दारू प्याल्याचा निष्कर्ष काढता येणार नाही. तिथे रक्त तपासायला पाठवलं होतं, पण अहवालच हजर केला नव्हता. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी सांगून झालंय. तरीही आमच्या पंचनाम्यांत आजही 'तोंडास उग्र वास' या तीन शब्दांवर सगळी भिस्त असते.

25 जानेवारी, शनिवार

चौथा शनिवार. अकोल्याला पोलीस आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर बोलायला गेले होते. बडनेऱ्याहून सकाळची गाडी. खिडकीतून तुरीची शेतं, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू.

भाषण कमी केलं, कागद जास्त दाखवले. नावं झाकलेले दोन फॉर्म, एक पूर्ण भरलेला, एक अर्धा. दोन्ही प्रकरणांत आकडा तोच, निकाल उलटे. एक तरुण वैद्यकीय अधिकारी म्हणाली, "मॅडम, रात्री अपघाताचे पाच जखमी एकदम येतात. मी टाके घालू की रकाने भरू?" प्रश्न खरा होता. मी म्हटलं, आधी टाकेच घाला. पण रक्त काढण्याची कुपी, निर्जंतुक पाणी, लाख आणि फॉर्म यांचा एक संच ड्यूटी रूममध्ये तयार ठेवा; मग भरायला चार मिनिटं लागतात. ती चार मिनिटं दिली नाहीत, तर दोन वर्षांनी तुम्हाला साक्षीच्या पिंजऱ्यात तासभर उभं राहावं लागतं.

पुण्याच्या कल्याणीनगरचा विषय निघणारच होता. 19 मे 2024 च्या त्या अपघातात दोन तरुण अभियंते गेले, आणि नंतर रक्ताचे नमुनेच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. प्रकरण न्यायालयात आहे. त्या घटनेनंतर कुपीवरचं सील म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

एका हवालदारांनी विचारलं, ब्रेथ ॲनालायझरची चिठ्ठी पुरे होत नाही का? 185 साठी होते, मात्र यंत्र वेळच्या वेळी तपासलेलं असावं, तारीख-वेळ बरोबर असावी आणि चिठ्ठी त्याच रात्री दाखल व्हावी. 1 सप्टेंबर 2019 पासून प्रयोगशाळेच्या चाचणीचाही कलमात स्पष्ट उल्लेख आला, त्याआधी त्यावरूनही वाद होत. आता वाट दुहेरी आहे. अपघातात माणूस गेला असेल तर दोन्ही करा.

6 फेब्रुवारी, गुरुवार

माय आली. सोबत धाकटा मुलगा. तिला तिचा हक्क सांगितला.

हयगयीने मृत्यू हा दखलपात्र पण जामीनपात्र गुन्हा. जामीनपात्र असल्यामुळे दंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या सुटकेवर सरकारला थेट सत्र न्यायालयात जाता येत नाही. प्रस्ताव वर जातो, शासन ठरवतं, मग उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आधी परवानगी मागायची आणि ती मिळाली तर अपील. पण पीडिताची वाट वेगळी. 31 डिसेंबर 2009 पासून पीडिताला, आणि तो हयात नसेल तर त्याच्या वारसाला, सुटकेविरुद्ध स्वतः अपील करता येतं. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेतही कलम 413 मध्ये तो हक्क आहे. तिच्यासाठी ते अकोल्याच्या सत्र न्यायालयात. परवानगीचीही गरज नाही. मल्लिकार्जुन कोडगळी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 12 ऑक्टोबर 2018 ला ते स्पष्ट केलं.

"वकिलाले पैसे कुठून देऊ, बाई?"

बाईमाणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. 1987 च्या कायद्यात तसं लिहिलेलं आहे. अकोल्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणासाठी अर्ज तिथेच लिहून दिला. मोटार अपघात न्यायाधिकरणातला भरपाईचा दावा या सुटकेने बुडत नाही, हेही सांगितलं. तिथे पुराव्याचं माप वेगळं असतं.

धाकट्याने विचारलं, "अपील केलं तर तो आत जाईन?" मी त्याला वचन दिलं नाही. सांगितलं, मोठं कोर्ट सगळे कागद पुन्हा वाचेल. तुझ्या भावाबद्दल जे कागदावर आहे ते त्यांना वाचावंच लागेल.

16 फेब्रुवारी, रविवार

दिवसभर प्रस्ताव लिहिला.

सुटकेविरुद्धच्या अपिलात आरोपीच्या बाजूने निर्दोषत्वाचं गृहीतक दुहेरी होतं: एक कायद्याने दिलेलं, दुसरं निकालाने घट्ट केलेलं. दोन मतं शक्य असतील तर आरोपीच्या बाजूचंच टिकतं. 2007 च्या चंद्रप्पा निवाड्यात हे नीट मांडलं आहे. पण 1973 मध्ये शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावलं होतं, की प्रत्येक बारीक शंकेपुढे मान तुकवून अपराध्यांना सोडत गेलं, तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडतो. दोन्ही वाक्यं मला मान्य आहेत. माझं काम या दोहोंच्या मधल्या जागेत आहे.

म्हणून आज कागदांचे तीन गठ्ठे केले. जो पुरावा मुळात नव्हता, त्याबद्दल अपिलात अवाक्षर काढायचं नाही. जो होता पण गोळा केला नाही, तो अपिलातही उगवणार नाही. फॉर्मचा कोरा रकाना नागपूरला जाऊन भरला जात नाही. जो गोळा केला, न्यायालयासमोर आला आणि तरी वाचला गेला नाही, त्यावर उभं राहायचं.

तिसऱ्या गठ्ठ्यात काय आहे? घटनास्थळ पंचनामा. टायरच्या खुणा डांबर सोडून साइडपट्टीवर आलेल्या. मयताचा डबा आणि चप्पल पट्टीच्या बाहेरच्या कडेला. कारचं डाव्या बाजूचं नुकसान. एक साक्षीदार फितूर झाला, पण पानटपरीवाला उलटतपासात हलला नाही: गाडी रस्ता सोडून माणसाच्या अंगावर आली. खालच्या न्यायालयाने त्याच्या जबाबातला 'भरधाव' एवढा शब्द उचलला आणि नुसता वेग म्हणजे बेदरकारपणा नव्हे असं म्हटलं. तत्त्व बरोबर आहे. कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश, 1998. पण आमचा मुद्दा वेगावर उभा नाही, जागेवर आहे. पायी चालणारा जिथे असायला हवा तिथेच होता. गाडी जिथे नको होती तिथे आली. का आली, याचं कुठलंही पटणारं कारण बचावाने दिलेलं नाही. हे सिद्ध करायला दारूची गरजच नाही.

म्हणून 304-अ चा मुद्दा पहिला घेतला, दारूचा दुसरा. दारूसाठी एवढंच मागितलं, की शिपायाची साक्ष घ्यायचा आमचा अर्ज चुकीने नाकारला गेला, तेव्हा अपील न्यायालयाने जादा पुरावा घेण्याच्या आपल्या अधिकारात ती घ्यावी. तो अधिकार जुन्या संहितेत 391 मध्ये होता, नव्या संहितेत 432 मध्ये आहे. कोऱ्या रकान्याबद्दल प्रस्तावात जसं आहे तसं लिहिलं. वरिष्ठांना कच्ची बाजू आपणच सांगितली पाहिजे.

15 मार्च, शनिवार

काल धुळवड. रात्री एका तालुक्याच्या रस्त्यावर दुचाकीला धडक. सुदैवाने पायावर निभावलं. आज कागद आले आणि ते मी दोनदा वाचले. अटक 9 वाजून 50. ब्रेथ ॲनालायझरची चिठ्ठी 10 वाजून 5, आरोपीच्या सहीसह. रक्त 10 वाजून 55. त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसली, लिहिलेलं. रसायनाचं नाव लिहिलेलं. सीलचा नमुना जोडलेला. नमुना आजच रवाना, नेणाऱ्या शिपायाचा जबाब सोबत.

फॉर्मवर सही त्याच मुलीची आहे, जिने अकोल्याला टाक्यांबद्दल विचारलं होतं.

3 एप्रिल, गुरुवार

मायच्या अपिलाला अकोल्यात क्रमांक पडला. विधी सेवेने दिलेले वकील तरुण आहेत, पण पंचनाम्याचा नकाशा त्यांनी स्वतः मोठा काढून घेतला आहे. सरकारचा प्रस्ताव शिफारशीसह वर गेला आहे. निर्णय यायचा आहे. शासनाने अपील करायचं ठरवलंच, तर एकाच निकालावर दोन न्यायालयांत दोन वेगळ्या सुनावण्या होऊ नयेत, अशी विनंती मी टिपणात जोडली आहे.

सोबत अभियोग विभागाच्या सहायक संचालकांना वेगळं पत्र लिहिलं. दारू पिऊन झालेल्या अपघातातल्या प्रत्येक सुटकेनंतर हेच तीन गठ्ठे करावेत. पुरावा नव्हता, तर निकाल स्वीकारावा आणि घरच्यांना तसं समोर बसवून सांगावं. गोळा केला नाही, तर त्या ठाण्याला आणि त्या दवाखान्याला नेमका कोरा रकाना दाखवावा, शिक्षा करण्यासाठी नव्हे, पुढच्या रात्रीसाठी. वाचला गेला नाही, तर मुदत संपायच्या आत अपील करावं, मयत कोण होता आणि आरोपी कोण आहे हे न पाहता. यासाठी नवा कायदा लागत नाही. सगळी कलमं पुस्तकात आहेत.

दुपारी मायचा फोन आला. पेशी कधी आहे म्हणून विचारत होती. पहिल्या तारखेला तिने हजर राहायची गरज नाही, वकील आहेत, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "नाई मॅडम, या टायमाले मीच बोलावलं हाय त्याले. मी जाईनच."